शेपटीच्या एका फटक्याची किंमत

त्रिनिदाद बेटाच्या उत्तरेला डोंगररांग आहे आणि तिच्यातून उतरणारे ओढे जागोजागी धबधब्यांनी तुटलेले आहेत. या ओढ्यांमध्ये गप्पी मासे राहतात. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत आणि हौदांत सोडतात, तेच. धबधब्याखालच्या डोहांत त्यांच्या सोबतीला पाइक सिक्लिड नावाचा, दबा धरून बसणारा शिकारी मासा असतो. त्याला धबधबा चढता येत नाही. गप्पी मात्र अनेक ओढ्यांत वरपर्यंत पोचले आहेत. तिथे त्यांची गाठ पडते ती एका छोट्या किलीफिशशी, आणि तो मोठ्या गप्पींच्या वाटेला फारसा जात नाही, पिल्लं तेवढी खातो. जात एकच, ओढा एकच, पण वरच्या आणि खालच्या माशांना मरण येतं ते वेगवेगळ्या वाटेने. निसर्गाने आयताच मांडून ठेवलेला हा प्रयोग अभ्यासक गेली सुमारे सत्तर वर्षं वाचत आहेत.

या अभ्यासातून एक वाक्य माहितीपटांत, पुस्तकांत आणि बोलण्यात रुजलं आहे: शिकारी भक्ष्याला चपळ बनवतो. वाक्य खोटं नाही. पण ते जितक्या ठामपणे उच्चारलं जातं, तितका ठामपणा पुराव्यात सापडत नाही. चपळ म्हणजे कशात चपळ, किती काळ चपळ, आणि त्यासाठी काय गमावून चपळ, असं विचारलं की चित्र बदलतं. हे प्रश्न अभ्यासकांपुरते राहिलेले नाहीत. आपल्या राज्यात दर हंगामात जलाशयांमध्ये लाखो बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडली जातात, आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी पैदास केंद्रं चालतात, आणि या दोन्ही कामांत शिकारी मासा आपल्या हिशेबात जवळजवळ नसतोच. म्हणून या पुराव्याची छाननी करायला हवी.

आधी माशाचं पोहणं. बाजारात बांगडा हातात घेऊन पाहा. पुढचा देह भरीव, आणि शेपटीच्या मुळाशी तो इतका निमुळता होतो की दोन बोटांत सहज धरता येतो. तिथून पुढे दुभंगलेली ताठ शेपटी. हा देह तासन् तास एका चालीने पोहण्यासाठी आहे. पाणी कमीत कमी अडावं आणि शक्ती कमीत कमी खर्च व्हावी, ही त्यामागची मांडणी. शेजारच्या टोपलीत मरळ असेल तर तीही पाहा. लांबट देह, पाठीवर आणि पोटाखाली मागपर्यंत गेलेले लांब पर, गोलसर शेपटी, आणि शेपटीच्या मुळाशीही देह जाडच. मरळ दिवसभर हिंडत नाही. पाणवनस्पतींत निश्चल राहते आणि एका झेपेत भक्ष्य गाठते. झेपेसाठी मागच्या भागाने एकदम पुष्कळ पाणी ढकलावं लागतं, त्यासाठी तो भाग रुंद हवा. लांबच्या पोहण्यासाठी तोच भाग अरुंद हवा. एकाच देहाने दोन्ही गोष्टी उत्तम करणं पाण्याच्या नियमांत बसत नाही, आणि पुढच्या सगळ्या चर्चेचं मूळ इथे आहे.

जीव वाचवणारं पोहणं झेपेच्या जातीचं असतं. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात माउथनर पेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन मोठ्या चेतापेशी असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. एका बाजूने पाण्यात अचानक हादरा आला की त्या बाजूची पेशी संदेश पाठवते. तिचा तंतू मेंदूतच पलीकडे ओलांडून गेलेला असतो, त्यामुळे विरुद्ध बाजूचे स्नायू डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदम आवळले जातात. मासा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वाकतो, डोकं धोक्यापासून दूर वळतं, आणि पाठोपाठ शेपटी उलट दिशेला पाण्यावर फटका मारते. लहान माशांत हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत उरकतं. साध्या डोळ्याला दिसतं ते एवढंच, की मासा इथे होता आणि आता तिथे आहे. सेकंदाला शेकडो चित्रं टिपणारा कॅमेरा आला तेव्हा कुठे हे वळण आणि हा फटका वेगवेगळे मोजता आले. दबा धरून बसलेल्या शिकाऱ्यासमोर मासा तासभर किती पोहू शकतो याला काही किंमत नसते. पहिल्या फटक्यात तो किती वळला आणि किती अंतर कापलं, यावर सगळं ठरतं.

मग शिकारी हा फटका खरोखर घडवतो का? सर्वांत स्वच्छ उत्तर गप्पीच्या एका नातलगाकडून मिळतं. गंबुशिया हा मासाही आपल्या विहिरींत आहे. १९२८ साली तो इटलीहून भारतात आणला गेला. त्याच्या मूळ देशात, अमेरिकेत, काही तळ्यांत त्याला खाणारे बाससारखे मासे आहेत आणि काही तळ्यांत नाहीत. ब्रायन लँगरहान्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशा तळ्यांतल्या गंबुशियांची तुलना प्रसिद्ध केली. शिकारी असलेल्या पाण्यातल्या माशांचं डोकं लहान, देह लांबट आणि शेपटीकडचा भाग मोठा होता, आणि त्यांचा झेपेचा वेग सुमारे २० टक्के जास्त होता. पिल्लं प्रयोगशाळेत, शिकाऱ्याचं तोंडही न पाहता वाढवली, तरी देहाच्या ठेवणीतला फरक बऱ्याच अंशी टिकून राहिला. म्हणजे तो निदान काही प्रमाणात वारशाने आलेला होता. लँगरहान्स यांनीच २००९ मध्ये दुसरी बाजू दाखवली, आणि माझ्या लेखी ती अधिक महत्त्वाची आहे: झेपेत सरस ठरलेले हे मासे दमसासात मागे पडतात. एका चालीने बराच वेळ पोहायची वेळ आली की बिनशिकाऱ्याच्या तळ्यातला गंबुशिया पुढे जातो.

बहामातल्या अँड्रॉस बेटावरच्या खोल, गोल पाणविवरांतही हेच चित्र दिसतं. तिथल्या गंबुशियाच्या भाऊबंदांपैकी काहींच्या विवरांत मोठ्या तोंडाचा स्लीपर मासा आहे, काहींच्या नाही, आणि शेपटीच्या मुळाची जाडी त्यानुसार बदलते. तिथे तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. माद्या आपल्यासारख्याच ठेवणीच्या नराला पसंती देतात, त्यामुळे शिकाऱ्याने पाडलेला देहातला फरक हळूहळू दोन गटांमधली भिंत बनू लागतो.

आता त्रिनिदादकडे परत येऊ. शिरिल ओस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये धबधब्याखालचे आणि वरचे गप्पी पाइक सिक्लिडसमोर सोडून कोण जगतो ते पाहिलं. रानातून पकडलेल्या माशांच्या प्रत्येक तुलनेत खालचे अधिक वाचले. प्रयोगशाळेत एकसारख्या परिस्थितीत वाढवलेल्या माशांतही हाच निकाल आला. याहून बोलका भाग स्थलांतराचा आहे. जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये धबधब्याखालचे गप्पी उचलून वरच्या, गप्पी नसलेल्या पाण्यात नेऊन सोडले होते, आणि पुढे असे आणखी प्रयोग झाले. या स्थलांतरित माशांचे वंशज साधारण दोन दशकांत आपल्या मूळ भाऊबंदांपेक्षा पळण्यात कच्चे ठरले. शिकाऱ्याचा दाब उठला आणि कमावलेली गोष्ट ओसरली. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी याच वंशजांविषयी १९९० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की अकरा वर्षांत, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांत, त्यांचं वयात येणंही उशिरा होऊ लागलं होतं आणि पिल्लं आकाराने मोठी पण संख्येने कमी होऊ लागली होती. माणसाच्या एका पिढीच्या डोळ्यांदेखत उत्क्रांती घडल्याचे इतके नेटके दाखले फार थोडे आहेत.

इथवरचा पुरावा भक्कम आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. तरीही आक्षेप आहेत, आणि त्यातला प्रत्येक ऐकून घेण्यासारखा आहे.

पहिला आक्षेप ओढ्याच्या रचनेचा. धबधब्याच्या वर फक्त शिकारी नाहीत एवढाच फरक नसतो. तिथे ओढा अरुंद असतो, वर झाडांचं दाट छत असतं, ऊन कमी पोचतं, म्हणून शेवाळ कमी, म्हणून खाणं कमी. त्यात शिकारी नसल्यामुळे गप्पींची गर्दी होते आणि आहे ते खाणंही वाटून जातं. मग वरच्या माशांतला बदल शिकारी नसल्याचा, की अर्धपोटी राहण्याचा? केवळ निरीक्षणावरून हे सुटत नाही. म्हणूनच २००८ आणि २००९ मध्ये ग्वानापो नदीच्या चार उपओढ्यांत गप्पी सोडताना त्यांपैकी दोन ओढ्यांवरचं झाडांचं छत मुद्दाम विरळ करण्यात आलं, जेणेकरून उन्हाचा परिणाम आणि शिकाऱ्याचा परिणाम वेगळे काढता यावेत. ज्यांनी शिकाऱ्याचा सिद्धांत उभा केला, त्यांच्याच परिवाराने तो असा तासून पाहावा, याचं मला मोल वाटतं. शिकाऱ्याचा परिणाम खरा आहे, पण तो सगळाच जबड्यातून येत नाही. काही परिणाम भुकेतून येतो, आणि त्या भुकेमागे गर्दी वाढू देणारी शिकाऱ्याची गैरहजेरी असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. देहात दिसणारा बदल उत्क्रांतीचाच असतो असं नाही. स्वीडनमधल्या तळ्यांतला क्रूशियन कार्प हा त्याचा नामी दाखला. तळ्यात पाइक नावाचा शिकारी मासा असेल तर हा कार्प काही महिन्यांत पाठीकडून उंच होतो, एरवी तो लांबट राहतो. क्रिस्टर ब्रोनमार्क आणि जेफ्री मायनर यांनी १९९२ मध्ये हे दाखवलं. पिढ्या बदलाव्या लागत नाहीत, तोच मासा बदलतो. उंच देह पाइकच्या तोंडात मावायला कठीण जातो, हा फायदा उघड होता. पुढे २००८ मध्ये कळलं की उंच झालेले कार्प पळतातही अधिक जोरात, कारण त्या उंचीत स्नायू भरलेले असतात. म्हणजे शिकाऱ्याच्या नुसत्या चाहुलीने, पाण्यात विरघळलेल्या गंधाने, मासा आपला देह आणि आपली झेप दोन्ही बदलून घेतो. मग शिकारी असलेल्या तळ्यात चपळ मासे दिसले की लगेच निसर्गनिवडीचं नाव घेणं घाईचं ठरतं. गंबुशिया आणि गप्पीच्या बाबतीत पिल्लं प्रयोगशाळेत वाढवून ही शंका बरीच दूर केली आहे. जिथे ते केलेलं नाही, तिथे निकाल राखून ठेवायला हवा. अर्थात गंध ओळखून देह बदलण्याची क्षमतासुद्धा कुठून तरी आलीच असणार, आणि तीही शिकाऱ्याच्याच सहवासात घडली असावी. पण ‘वेगवान मासा निवडला गेला’ आणि ‘बदलू शकणारा मासा निवडला गेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप असा की वाचणं म्हणजे वेगाने पळणं नव्हे. बेनोनी सेगर्स यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं की धबधब्याखालचे गप्पी घट्ट थव्याने राहतात आणि वरचे विखुरलेले. जो मासा शिकाऱ्याला आधी पाहतो, जो थव्याच्या मधोमध असतो, जो संशयास्पद सावलीच्या जवळच जात नाही, त्याला झेप घ्यायची वेळच कमी येते. ओस्टीन यांच्या प्रयोगात मोजलं गेलं ते जगणं. वेग त्यात मिसळलेला असला तरी तो वेगळा काढलेला नव्हता. ही उणीव जेफ्री वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भरून काढली. पाइक सिक्लिडच्या हल्ल्याचं वेगवान चित्रीकरण करून त्यांनी दाखवलं की झटक्यात जोरदार सुटणारा गप्पी खरोखरच अधिक वेळा निसटतो. त्यामुळे हा आक्षेप वेगाला बाद करत नाही. वेग हे अनेक हत्यारांपैकी एक आहे, आणि ते शेवटी उपसायचं हत्यार आहे, एवढं मात्र मान्य करावं लागतं.

पण माझ्या मते सगळ्यात जड पारडं या तीन आक्षेपांपैकी कशाचंच नाही. ते आहे कॅमेरन घालंबोर, रेझनिक आणि वॉकर यांच्या २००४ मधल्या कामाचं, आणि ते गर्भार मादीबद्दल आहे.

गप्पी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. जवळपास महिनाभर ती गर्भ पोटात वागवते आणि प्रसूतीनंतर लवकरच पुन्हा गर्भार होते, म्हणजे प्रौढ मादीचं बहुतेक आयुष्य भरल्या पोटानेच जातं. शिकारी असलेल्या पाण्यात उद्याचा भरवसा नसतो, म्हणून तिथे लवकर वयात येणाऱ्या आणि एका खेपेला जास्त पिल्लं देणाऱ्या माद्यांचा वंश पुढे गेला आहे. त्याच पाण्यात, त्याच शिकाऱ्यामुळे, जोरदार झेप घेणाऱ्या माद्यांचाही वंश पुढे गेला आहे. आता या दोन गोष्टी एकाच पोटात भेटतात. पिल्लांनी फुगलेलं पोट देहाला ‘सी’सारखं घट्ट वाकू देत नाही, आणि ते वजन फटक्याबरोबर ओढून न्यावं लागतं. अभ्यासात दिसलं ते असं: गर्भारपणाच्या सुरुवातीला धबधब्याखालच्या माद्या वरच्यांपेक्षा स्पष्टपणे वेगवान असतात. दिवस जातात तसा दोघींचाही वेग घटतो, पण खालच्या मादीचा अधिक झपाट्याने, कारण तिच्या पोटात अधिक आहे. दिवस भरत आले की तिची आघाडी उरत नाही.

एकाच शिकाऱ्याने मादीकडून दोन परस्परविरोधी मागण्या केल्या, आणि तिच्या देहाने दोन्ही अर्ध्यामुर्ध्या पुऱ्या केल्या. शिकारी भक्ष्याला ‘सुधारतो’ असं ज्यांना वाटतं त्यांनी या मादीकडे पाहावं. ती वरच्या मादीपेक्षा श्रेष्ठ नाही. तिने आपली मर्यादित शक्ती वेगळ्या ठिकाणी लावली आहे, आणि ज्या आठवड्यांत तिच्यावर सगळ्यात जास्त ओझं आहे, नेमकं त्याच आठवड्यांत तिचं संरक्षण सगळ्यात कमी आहे.

शिकाऱ्याचा आवाज पाण्यात एकटा नसतो, हे अटलांटिक किनाऱ्यावरचा सिल्व्हरसाइड हा छोटा मासा दाखवतो. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा उन्हाळा आखूड. हिवाळ्यापूर्वी पुरेसं मोठं होता आलं नाही तर मासा जगत नाही. म्हणून तिथले सिल्व्हरसाइड दक्षिण कॅरोलायनातल्या त्यांच्या भाऊबंदांपेक्षा भराभर खातात आणि भराभर वाढतात. डेव्हिड कॉनोव्हर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की हे झपाट्याने वाढणारे उत्तरेकडचे मासे पोहण्यात कमकुवत असतात आणि शिकाऱ्यांच्या तोंडी अधिक लागतात. त्यांच्याही पाण्यात शिकारी आहेतच. पण थंडीची मागणी अधिक निकडीची असल्यामुळे पोहण्याच्या वाट्याला कमी आलं. काटेरी स्टिकलबॅक माशात ही तडजोड चिलखत आणि वेग यांच्यात दिसते: अंगावर हाडांच्या पट्ट्या कमी, तर झेप चांगली.

हे सगळं समोर ठेवून मी ज्या निर्णयावर येतो तो असा. शिकारी मासे भक्ष्य माशांच्या पोहण्याच्या क्षमतेत वारशाने उतरणारे बदल घडवतात, आणि काही दशकांत घडवतात, हे सिद्ध झालं आहे असं मानायला हरकत नाही. मात्र ते घडवतात ती पहिली झेप. दमसास, वाढ आणि पिल्लांचा भार यांच्याशी सौदा करूनच ती झेप येते, आणि शिकारी गेला की ती फार काळ टिकत नाही. या मर्यादांसकट विधान केलं तर ते खरं आहे. मर्यादा गाळल्या तर ते नुसतं सुभाषित उरतं, आणि सुभाषितांच्या जोरावर मासे सोडू नयेत.

आपल्याकडे मत्स्यजिऱ्यांचं, म्हणजे अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांचं, संगोपन ज्या तळ्यात होतं, त्यात आधी हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकून भक्षक आणि निरुपयोगी मासे मारून काढतात. ते बरोबरच आहे. एरवी मत्स्यजिरे वाचणारच नाहीत. पण त्याचा अर्थ असा की रोहू, कटला आणि मृगळाचं पिल्लू बोटुकली होईपर्यंत एकाही शिकाऱ्याला भेटत नाही, आणि मग ते थेट मरळ आणि शिंगाळ्याच्या जलाशयात जाऊन पडतं. यावरचा प्रचलित उपाय आकाराचा आहे: १०० मिलिमीटरहून मोठी बोटुकली सोडा, म्हणजे ती शिकाऱ्याच्या तोंडात सहज मावणार नाही. उपाय योग्य आहे, परंतु महाग आहे, आणि त्यात माशाच्या वागण्याचा विचारच नाही. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवलं होतं की जखमी मिनो माशाच्या कातडीतून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्याने त्याचे सोबती घाबरून सैरावैरा होतात. रोहू आणि कटला याच मोठ्या परिवारातले. हे द्रव्य आणि शिकाऱ्याचा गंध एकत्र मिळाला की अशा जातींचे मासे तो गंध पहिल्या भेटीतच धोक्याशी जोडतात, हे प्रयोगशाळांत अनेकदा दिसलं आहे. मग सोडण्याआधी बोटुकलीलाही शिकाऱ्याचा गंध ओळखायला शिकवता येईल.

विरोधी बाजूही खरी आहे. प्रयोगशाळेत शिकलेलं खुल्या पाण्यात किती कामी येतं याचे निकाल संमिश्र आहेत, आणि लाखोंच्या संख्येत बोटुकली वाढवणाऱ्या केंद्राला प्रत्येक टाकीत मरळीचा गंध घालणं परवडेल का, हा प्रश्न रास्त आहे. घाबरलेलं पिल्लू कमी खातं, म्हणून वाढही कमी होते, हा तोटाही आहेच. शिवाय शिकवणूक एका पिढीपुरती असते. केंद्रात पिढ्यान् पिढ्या फक्त वाढीसाठी निवडलेल्या जनकांचं काय, हा त्याहून मोठा प्रश्न. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेने १९९७ मध्ये आणलेला जयंती रोहू झपाट्याने वाढतो, आणि तळ्यातल्या शेतकऱ्यासाठी ते वरदान आहे. तळ्यात मरळ नसते. पण नोव्हा स्कोशियाच्या सिल्व्हरसाइडची गोष्ट लक्षात ठेवली तर तळ्याचा मासा आणि जलाशयाचा मासा यांची निवड एकाच कसोटीवर करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

गप्पीच्या बाबतीत सावधगिरी याहून निकडीची आहे. त्रिनिदादच्या कारोनी खोऱ्यातले सुमारे २०० गप्पी कॅरिल हॅस्किन्स यांनी १९५७ मध्ये तुरुरे ओढ्याच्या वरच्या, शिकारी नसलेल्या भागात सोडले. त्यांचे वंशज धबधब्यांवरून खाली शिकाऱ्यांच्या पाण्यात उतरले, तिथे त्यांच्यात शिकाऱ्याला चुकवण्याचं वागणं विकसित झालं, आणि त्यांचे जनुक ओरोपुचे खोऱ्यात खालपर्यंत पसरले. शिकारी असूनही ते थांबले नाहीत. उलट शिकाऱ्यांनी त्यांना तिथे जगायला लायक बनवलं. आपल्या ओढ्यातली मरळ सोडलेले गप्पी खाऊन संपवेल, अशी आशा करणाऱ्यांनी हे विसरू नये. गंबुशिया तर जगातल्या शंभर सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहे. डेंग्यू आणि हिवताप रोखण्यासाठी बंद हौदात, पाण्याच्या टाकीत, बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात गप्पी सोडणं मला मान्य आहे. तिथे माणसाचा जीव आधी. वाहता ओढा, नदीकाठचं डबकं आणि सह्याद्रीतली कुंडं मात्र त्यातून वगळायलाच हवीत.

मत्स्यव्यवसाय विभागाला माझी विनंती साधी आहे. एका जलाशयात एकाच आकाराच्या बोटुकलीच्या दोन तुकड्या वेगवेगळी खूण करून सोडा, एक शिकाऱ्याच्या गंधाशी ओळख करून दिलेली आणि एक नेहमीची. हंगामाच्या शेवटी मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यांत कोणत्या खुणेचे किती मासे येतात ते मोजा आणि आकडे जाहीर करा. तोवर आरोग्य विभागाने गप्पी पैदास केंद्रांना लेखी आदेश द्यावा: मासे बंद पाण्यातच सोडायचे, आणि पावसाळ्यात जी पाणसाठवण ओढ्याला मिळते, तिच्यात सोडायचे नाहीत.